लोटलेलं दार

प्रिय संघप्रिया,
खारघरहून आजीचा जयभीम आणि एक पापा.

जर्मनीला जाताना तू ठेवून गेलेलं ते भीतीचं पुस्तक वाचलं. त्यातल्या माणसाला वाटतं, इमारतीतल्या प्रत्येक दारामागे नुसती पोकळी आहे. मलाही आपल्या मजल्यावरची दारं तशीच वाटायला लागली गं. वाटी घेऊन शेजारच्या ऋताकडे साखर मागायला गेले.

"आजी, कालच तर तुम्ही मला साखर दिलीत!" ती हसत सुटली.

दारामागे माणूस निघालं. जीव भांड्यात पडला.

तू काळजी करशील, म्हणून हे पत्र धाडणार नाही. तुझ्या खोलीचं दार मात्र मी लोटूनच ठेवते. उघडत नाही तोवर तू आत वाचत बसलीयेस, असंच धरून चालते.

वाट बघणारी,
तुझी गिरजाआजी