पेत्र परत बसला का?

आबा, काल आपल्या पाड्यावरच्या डोकरीची नात माझ्याकडे जेवून गेली. धुळ्याची गाडी सकाळीच चाळीसगावला येते आणि तिची मुंबईची गाडी दुपारनंतर होती, म्हणून मधल्या वेळात पत्ता विचारत घरी आली. मुंबईला नर्सचं शिकायला चालली आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती पाट्या फोडायच्या वयाची होती, आता पाहिलीत तर ओळखणार नाहीत, पण हनुवटी मात्र थेट डोकरीची. यंदा स्वराज्य आलं, पोरी एकट्या मुंबईला निघाल्या, सगळं चांगलंच चाललंय. तरी ती गेल्यापासून मला चैन नाही, आणि जे बोलायचं आहे ते तुमच्याशिवाय कोणाला कळायचंही नाही. मेलेल्या माणसाला पत्र लिहिते म्हणून हसू नका. तुम्ही तर जन्मभर मेलेल्या माणसाची पत्रं वाचून दाखवलीत.

शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला आपलं ते कुडाचं प्रार्थनाघर. दर रविवारी तुम्ही उभं राहून बायबलातल्या पौलाच्या पत्रांतला एकेक तुकडा वाचायचात, आणि सगळी पत्रं संपली की पुन्हा पहिल्यापासून. समोर बहुतेक भिल्ल, चार-दोन घरं इतर, आणि वाचता येणारे आपण दोघंच. तुम्ही वाचायचात ते धर्मग्रंथ वाचल्यासारखं नाही, आत्ताच टपाल आल्यासारखं. पौल म्हणजे तंबू शिवून पोट भरणारा माणूस, आज या गावी तर उद्या त्या, आणि मागं राहिलेल्यांची काळजी वाटून कागद पाठवणारा. एका मंडळीनं ऐकला की तोच कागद पायी पुढच्या गावच्या मंडळीकडे, जसा आपल्याकडे निरोप पाड्यापाड्यांनी वर जातो. त्या वेळी चर्चच्या इमारती नव्हत्या, कोणाच्या तरी घरी जमायचे आणि जमले की भांडायचेसुद्धा, हे तुम्ही फार चवीनं सांगायचात. लोकांनी पत्रांना आपापली नावं ठेवली होती. एक तुरुंगातला कागद, एक पळालेल्या गड्याचा कागद, आणि सगळ्यांचा लाडका तो ‘पंगतना कागद’, म्हणजे पंगतीचा.

तो कागद आला की तुमचा आवाज चढायचा. पेत्र, येशूच्या अगदी जवळचा शिष्य, अंत्युखिया शहरात परजातीच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या माणसांबरोबर एका पंगतीला जेवत होता. मग यरुशलेमहून काही मंडळी आली, सोवळंओवळं पाळणारी, आणि त्यांच्या धाकानं पेत्र हळूच उठला नि वेगळा बसला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत, तोंडावर खडसावलं. हे सांगताना तुम्ही नुसतं वाचत नव्हता, हे मला मोठेपणी कळलं. बाप्तिस्मा घेतल्यावर तुम्ही जामनेरकडे धाकट्या भावाच्या लग्नाला गेलात तर तुमचं पान गोठ्याशेजारी मांडलं होतं आणि वाढणाऱ्यानं पोळी वरून टाकली होती. म्हणून आपल्याकडे महिन्यातल्या एका रविवारी सगळ्यांची एकच पंगत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, भरीत. कोण कोणाशेजारी बसलंय हे तुम्ही उभं राहून बघायचात, आणि एका घरची माणसं एकत्र गोळा झालेली दिसली की दंडाला धरून हलवायचात.

डोकरी कायम माझ्याशेजारी. आई गेली तेव्हा मी नुकती चालायला लागले होते. तुम्ही गावोगाव फिरायचात आणि मला डाळीत भाकरी कुस्करून भरवली ती तिनं, स्वतःच्या ताटलीतून. भिल्लाची म्हातारी, दात पडलेले, जीभ मात्र शाबूत. एका रविवारी तुमचं वाचून झालं आणि ती बसल्या जागेवरून म्हणाली, “मास्तर, मंग तो पेत्र परत बठना का नही?”

तुम्ही पान उलटून पाहिलंत. “ते लिहिलेलं नाही, माय.”

“मंग कागद धाडा नि इचारा त्याले.”

“अगं, त्याला मरून शेकडो वर्षं झाली.”

“मंग त्याना कागद आम्हले कसाले वाची दखाडतस?”

सगळे हसले, तुम्हीही हसलात. डोकरीनंच शेवटी निकाल दिला, “बठना व्हई. भूक तं लागसच ना माणूसले.”

आणि मग मला बघायला चाळीसगावची मंडळी आली. मुलगा रेल्वेच्या ऑफिसात, घराणं दोन पिढ्यांचं ख्रिस्ती, पण मूळचे आपण वरच्या जातीचे हे माझ्या सासूबाई झोपेतही विसरत नसत. मला ते स्थळ हवं होतं, आबा. धुळ्याच्या बोर्डिंगात शिकून आलेल्या मुलीला पाड्यावर किती दिवस कंदील पुसायचे? हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, पण मला विजेचे दिवे, रेल्वेचा बंगला आणि इस्त्रीची साडी हवी होती. पाहुणे शनिवारी यायचे होते. रविवारी पंगतीची पाळी नव्हती, म्हणून तुम्ही मुद्दाम शनिवारीच आपल्या घरी पंगत ठेवलीत. पाहुण्यांनी आपलं घर कसं आहे ते पाहावं, एवढाच तुमचा हेतू. मी डोकरीशेजारी बसले. पहिला घास हातात घेतला तोवर बैलगाडी आली, आणि सासूबाई उन्हाची छत्री मिटत दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. त्यांनी पंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि नजर माझ्यावर थांबवली.

मी घास ठेवला आणि उठले.

“काय व्हयनं व माय?” डोकरीनं विचारलं. “पोट दुखतंय,” मी म्हणाले. तुम्ही डाळीचं भांडं घेऊन समोरच होता. मी तुमच्याकडे पाहिलं नाही. पाहुण्यांना आतल्या खोलीत नेलं, चटई टाकली, त्यांना वेगळं वाढलं आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसले. सासूबाईंनी माझ्या ताटात आपल्या हातानं तूप वाढलं. तेव्हाच स्थळ पक्कं झालं, बाकी सगळं बोलणं नुसतं निमित्ताला. इतक्यात परसदार लोटलं गेलं. “ओवा लयनू व माय,” म्हणत डोकरी उंबऱ्यात आली, मूठ पुढे केलेली. तिनं मला पाहिलं, ताट पाहिलं, माझ्या तोंडातला घास पाहिला. ओवा उंबऱ्यावर ठेवला आणि दार ओढून घेऊन गेली. तो मी केरसुणीनं झाडून टाकला, कारण सासूबाईंनी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाहुणे पुढच्या बाकावर बसले होते, आणि वाचनाच्या ओळीनं त्या रविवारी नेमका पंगतीचा तुकडा येत होता. मला वाटलं, पौलासारखे आता तुम्ही सगळ्यांदेखत बोलणार, आणि लग्न इथंच मोडणार. तुम्ही पुस्तक उघडलंत. पानावर बोट टेकवलंत. मग म्हणालात, “पानं चिकटलीत,” आणि पुढचंच काही वाचायला लागलात. पानं चिकटली नव्हती, आबा. पावसाळा होऊन किती महिने झाले होते. मागच्या रांगेतला एक जण कालच्या पंगतीचं बोलायला उठू लागला, तर डोकरीनं त्याच्या गुडघ्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं. माझं लग्न तिनं वाचवलं, तुम्ही नाही आणि मीही नाही. मी खाली मान घालून बसले होते आणि मनात काय आलं माहीत आहे? सुटले, असं आलं.

लग्न झालं, विजेचे दिवे मिळाले, इस्त्रीच्या साड्याही मिळाल्या. तुम्ही मला कधी एका शब्दानं बोलला नाहीत. मी माहेरी आले की बाजारातून माझ्या आवडीची शेव आणायचात. त्या वेळी बोलला असता तर मी रडले असते, भांडले असते, पण ते तिथंच संपलं असतं. तुम्हाला पुरून आम्ही परत निघालो तेव्हा मंडळीतल्या एकानं गाडीशी येऊन सहज सांगितलं, की त्या रविवारनंतर मास्तरांनी पंगतना कागद पुन्हा कधीच वाचला नाही. त्याची पाळी आली की पुढचा कागद काढायचे. मी उठले ती एका जेवणावरून असं मी समजत होते. तुमच्या हातातला सगळ्यात आवडता कागद मी काढून घेतला हे मला गाडीत बसल्यावर कळलं, आणि शेजारी सासूबाई होत्या म्हणून रडताही आलं नाही.

आता सासूबाईही नाहीत. मालक ड्यूटीवर, मुलं शाळेत, घरात काल मी एकटी. डोकरीच्या नातीला मी पाट मांडला, गरम भाकऱ्या केल्या, डाळ केली, तुपाची वाटी पुढे ठेवली. जेवता जेवता ती सांगत होती, की डोकरी शेवटी शेवटी कोणाला ओळखत नव्हती, पण चाळीसगावहून कोणी आलं की एकच विचारायची, “मास्तरनी पोरनं पोट बरं व्हयनं का?” ती टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, आता कळायला मार्ग नाही. पोरीला यातलं काही ठाऊक नाही, तिला ती म्हातारीची गंमत वाटते. मी तव्याकडे तोंड करून उभी राहिले.

मग ती थोडी सरकली, शेजारी जागा केली आणि म्हणाली, “मावशी, तुम्हीन भी बठा ना.”

पेत्राच्या बाजूनं निदान एवढं तरी म्हणता येईल, की त्याच्या दारात यरुशलेमची माणसं उभी होती. माझ्या दारात काल कोणीच नव्हतं. दुसरा पाट रिकामा होता, ताट धुतलेलं होतं, आणि बसायला मला कोणाची ना नव्हती. तरी पाय वाकलेच नाहीत. इतकी वर्षं उभं राहण्याची सवय झाली की माणूस कोणाच्या भीतीनं उठला होता हेही विसरतो बहुतेक.

हे पत्र मी पेटीत ठेवीन, तुमच्या त्या पुस्तकाखाली. आणखी कुठं टाकणार? पण एवढं सांगून ठेवते. मी तिला म्हणाले, “तू जेव पोटभर, माझं मघाशीच झालंय.” सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, आबा.