देवीपुढे ठेवलेला हिरवा कोट

वेलचेरी, चेन्नई
दसऱ्यानंतरचा शुक्रवार, २००६

तीर्थस्वरूप पुरुषोत्तममामांना संजीवचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे रिवाज म्हणून लिहिलेलं नाही. मी खरोखरच चटईवर पालथा पडून लिहितो आहे आणि उठावंसं वाटत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? हेमलतामामींनी जिना चढायला बंदी केली आहे असं आई फोनवर म्हणाली. कृपा करून पाळा. मिरजेत ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला असेल. इथे तो बारा महिने असतो, त्यामुळे सुरू झाल्याचं कळत नाही. माझी प्रकृती तशी बरी. जेवण जातं, झोप लागते, पण जगण्यात राम उरलेला नाही. का, ते सविस्तर लिहितो. आईला सांगून उपयोग नाही, ती म्हणेल बरं झालं.

माझ्या छंदाचं मूळ तुमच्याच माळ्यावर आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे 'गुप्तहेर पतंगराव' या चित्रकथेचे अंक वाचत लोळत असे आणि तुम्ही खालून जेवायला हाका मारत असा. आता मी ते अंक जमवतो, आणि जमवणं म्हणजे वाचणं नव्हे, हे इथे आल्यावर मला कळलं. कोरा अंक मिळाला की तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करायची आणि परत कधी उघडायची नाही. पिशवी उघडली की अंक मेला. (हसू नका. या धंद्यात चांगले शिकलेले लोक आहेत.) मराठी अंक मद्रासेत कसे, असं तुम्ही विचाराल. तर मराठी मजकूर पुण्यात लिहीत आणि छपाई इकडे शिवकाशीला होई, तेव्हा छापखान्याने बाद केलेल्या प्रती इकडच्याच रद्दीत येतात. ट्रिप्लिकेनच्या फूटपाथवर रविवारी गुडघे टेकून बसलं की मिळतात. तिथेच मला बाराव्या अंकाची ती प्रत मिळाली. पतंगरावाचा कोट लाल, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण बाराव्याच्या थोड्या प्रती छापताना लाल शाई संपली, आणि कोणा महाभागाने हिरवी घातली. प्रकाशकाने त्या प्रती परत मागवल्या आणि फाडून टाकल्या. माझी वाचली. हिरव्या कोटातला पतंगराव, कोरा करकरीत, कोपरासुद्धा दुमडलेला नाही.

आता मुरलीबद्दल. मुरली मैलापूरचा, बँकेत नोकरीला, आणि या छंदात माझ्यापेक्षा फार पुढे गेलेला. त्याला मराठीचं एक अक्षर येत नाही. तो रंग, शाई आणि पिना बघतो. त्याच्याकडे एक्केचाळिसावा अंक आहे. तो निघाला आणि प्रकाशन बंद पडलं, त्यामुळे तो महाराष्ट्रात जवळजवळ पोचलाच नाही. माझ्याकडे पहिल्यापासून चाळीस आहेत. एक्केचाळिसावा आला की मालिका पुरी, आणि अशी पुरी मालिका आमच्या माहितीत कोणाकडेच नाही. वर्षभर मुरलीच्या नाकदुऱ्या काढल्यावर तो अदलाबदलीला तयार झाला. त्याने एक्केचाळिसावा द्यायचा, मी हिरवा कोट द्यायचा (लाल कोटाचा बारावा माझ्याकडे आणखी एक आहे), आणि हे दसऱ्याच्या दिवशी, मुहूर्तावर. अट एकच, पिशवी बंद हवी.

माझ्या घरमालकीण राजसबाई तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि आपली मराठी सोबत घेऊन आले. ती अजून तशीच आहे, फक्त तिला तमिळचा हेल लागला आहे. बाई अतिशय प्रेमळ. मी आजारी पडलो की मिऱ्यांचं रसम् करतात, आणि बरा झालो तरी करतात. मागच्या उन्हाळ्यात त्या रद्दी काढत होत्या, तेव्हा माझं कपाट वाचवायला मी त्यांना म्हणालो, बाई, यात हात घालू नका, माझी सगळी विद्या यात आहे. हे वाक्य मी बोललो नसतो तर आज बसून पत्र लिहिलं असतं.

कारण मामा, इथे नवमीला सरस्वतीपूजा असते. आपल्याकडे पाटीवर सरस्वती काढतात तेवढ्यावर हे लोक थांबत नाहीत. घरातली पुस्तकं देवीपुढे मांडतात, त्यांना गंध-कुंकू लावतात आणि त्या दिवशी कोणी पुस्तकाला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी उचलायची आणि थोडं तरी वाचायचं. त्या दिवशी मी गिंडीला कारखान्यात होतो. तिथे लेथला हार घातला होता, माझ्या कॉम्प्युटरला कुंकवाचं बोट लावलं होतं, आणि मी चुरमुरे खात त्यावर विनोद करत होतो. घरी आलो तर समईच्या उजेडात देवीसमोर पतंगराव. पिशवीबाहेर. कपाळावर चंदनाचा ओला गोळा, त्यावर कुंकू, आणि हिरव्या कोटावर झेंडूची पाकळी चिकटलेली. राजसबाईंनी आनंदाने सांगितलं की सगळी पुस्तकं चौरंगावर मावेनात, म्हणून माझ्या कपाटात डब्यात वेगळं जपून ठेवलेलं तेवढं काढलं. पिशवी का फाडली, तर "देवीस प्लास्टिकातनं दिसंल कसं?"

मी उचलायला हात पुढे केला तशा त्या मध्ये उभ्या राहिल्या. उद्यापर्यंत हात लावायचा नाही. रात्रभर ते गंध कागदात मुरत होतं आणि मी बाहेर बसून होतो. सकाळी त्यांनी मला पहिलं पान देवीसमोर मोठ्याने वाचायला सांगितलं. मी गंधाचा डागच बघत बसलो. तेव्हा त्यांनी स्वतः चष्मा लावला (देवनागरी त्यांना स्तोत्रांच्या पुस्तकामुळे येते) आणि अक्षराखाली बोट फिरवत वाचायला बसल्या. बोटाला थुंकी लावून पान उलटलं, मामा. मी डोळे मिटून घेतले.

मुरली ठरल्या वेळी आला. त्याने अंक पाहिला, हात जोडले, डोळ्यांना लावला आणि मग व्यवहार मोडला. पूजेत ठेवलेलं पुस्तक संग्रहात कसं ठेवणार, देवघरात ठेवावं लागेल, असं म्हणाला. गंध पुसून देतो म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. राजसबाईंनी त्याला कॉफीला बसवलं. मी आत येऊन या चटईवर पडलो तो आजतागायत. तो कधी गेला कळलं नाही. एक्केचाळिसावा गेला, हिरवा कोट गेला, मालिका आता जन्मात पुरी होत नाही. उरलेले अंक बंद पिशव्यांत कपाटात आहेत, त्यांच्याकडे बघवत नाही. मी खोली सोडणार आहे. इतक्या चांगल्या बाईवर रागावता येत नाही, हे तर फारच वाईट.

मामींना नमस्कार. जिना चढू नका.

आपला हताश भाचा,
संजीव

ता. क. आईला यातलं काही कळवू नये.

ता. क. २. पत्र पाकिटात घातलं आणि तिकीट आणायचं राहून गेलं. मधल्या काळात कळलं ते असं. कॉफी पिताना मुरलीने राजसबाईंना विचारलं होतं की हा कोटवाला माणूस नेमकं बोलतो काय. इतकी वर्षं जमवतो आहे, पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी अख्खा बारावा अंक त्याला तमिळमध्ये सांगितला. जाताना तो एक्केचाळिसावा त्यांना देऊन गेला, मला नाही. तो त्यांच्या डाळीच्या डब्यामागे आहे. मी मागितला तर म्हणाल्या, आधीचं वाचल्यावाचून शेवट कशाला? आधीचं सगळं बंद आहे म्हटलं. मग उघड, म्हणाल्या. मी साफ नाही म्हणून सांगितलं आहे.

ता. क. ३. दिवाळी तोंडावर आली तरी पाकीट इथेच आहे, म्हणून मुख्य काम लिहितो. पहिल्यापासून चाळीस वाचून झाले, आणि एक्केचाळिसावाही. कात्रीने मीच उघडले. बाईंचे डोळे थकतात म्हणून वाचायचंही मीच. घरात मराठीत छापलेलं आता काही शिल्लक नाही. तुमच्या माळ्यावर जे असेल ते पाठवा, पतंगरावच हवा असं नाही, पानं सुटी झालेली असली तरी चालतील. (तुम्ही चढू नका, कोणाला तरी चढवा.) राजसबाई आता जेवण लवकर आटोपतात आणि हात पुसत माझ्या दाराशी येऊन बसतात. काल त्यांना आईच्या लोणच्याच्या बरणीभोवतीचा सांगलीच्या वर्तमानपत्राचा कागद वाचून दाखवला. बातमी अर्धीच होती. पुढे काय झालं, असं त्या सकाळपासून विचारताहेत.