कमल, तो फोन मी केला होता

प्रिय कमल,

तुला जाऊन चार महिने झाले आणि माझं पत्र आज येतंय. रागावू नकोस, अडचण समजून घे. जन्मभर माझी पत्रं तू लिहून दिलीस. मी साताऱ्याच्या भावाला चार शिव्या सांगायची आणि तू 'बाकी सर्व कुशल' लिहून पाकीट चिकटवायचीस. आता तुलाच लिहायचं तर लिहिणार कोण? शेवटी नातीला, मुग्धाला, धरून बसवलंय. हिच्या मराठीत निम्मं हिंदी असतं, पण मी सांगेन तेच लिहायचं कबूल केलंय तिने.

शिवाय जे सांगायचंय ते तुझ्याच हातून तुलाच कसं लिहवून घेणार होते? तोंडाने सांगायचं होतंस म्हणशील. तोंड मला बाकी सगळ्यासाठी होतं गं, एवढ्यासाठीच नव्हतं.

मंगळवारी तुझा मधू पुन्हा रस्त्यावर उतरला. तेव्हापासून मला चैन नाही. पण आधी जुनं सांगून टाकते.

आठवतं ना, पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आपण नव्या होतो, मधू नुकताच कारखान्यात लागला होता? लागोपाठ दुहेरी पाळ्या, झोप नाही, आणि एका सकाळी तुझा हा दीर हातात भलामोठा पाना घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा. येईल ती बस थांबवून सगळ्यांचे गेटपास तपासायला लागला. आणि आपली टाउनशिपची माणसं! निम्म्या बसने निमूट पास काढून दाखवले. एकजण तर पास घरी विसरला म्हणून खाली उतरून परत गेला.

मी हसले नाही. मी घाबरले. सकाळची शाळा सुटायची वेळ होत आली होती, माझी पोरं त्याच रस्त्याने येणार होती आणि तो पाना मला त्यांच्या डोक्याएवढा दिसत होता. तू बाजारात गेली होतीस. मी किराणा दुकानात गेले आणि दुकानदाराला म्हटलं, पोलीस चौकीला फोन लाव. आकडे त्याने फिरवले, बोलले मी.

हां, मीच. आता लिहिलं गेलं एकदाचं.

शिपाई आले. मधूने त्यांनाही पास मागितला. त्यांच्याकडे नव्हता आणि गंमत त्यांना झेपली नाही. दोराने बांधून जीपमध्ये टाकलं त्याला. तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा डाव्या कानाचं सुजून वांगं झालं होतं. त्या कानाने त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. फोन कोणी केला याची चौकशी झाली, संशय गेटवरच्या गार्डवर गेला आणि मी तो जाऊ दिला. पुढे तो गार्ड बदली होऊन जाईपर्यंत तू त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीस.

आठवडाभर तू माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटलं, दुःखात आहे. मग एका दुपारी मेथीच्या दोन जुड्या घेऊन माझ्या पायरीवर येऊन बसलीस, एक माझ्या मांडीवर टाकलीस आणि म्हणालीस, "सुशीला, चौकी लांब आहे. मी भिंतीपलीकडे आहे. पुन्हा कुणाचं काही झालं तर आधी मला हाक मार."

तिथून आपलं ते सुरू झालं. कुणाचं डोकं बिनसलं, कुणी स्वतःला कोंडून घेतलं, कुणी भांडी फेकायला लागलं, की आपण दोघी निवडायचं-सोलायचं काहीतरी घेऊन त्या घराच्या पायरीवर. काय झालं असं विचारायचं नाही. समजूत घालायची नाही. देवाचं नाव काढायचं नाही. हातातलं निम्मं काम त्याच्याकडे सरकवायचं आणि भाजी काय भावाने मिळाली यावर बोलत राहायचं. तोवर तुझे हे स्कूटरवरून कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन येत. नियम सगळे तुझे. गप्प बसायचा नियम मला किती जड जायचा, ते तुला काय सांगायचं?

पण तुझ्या नियमांनीच एकदा आपली फजिती केली, तेवढं कबूल कर. निरोप आला, मागच्या ओळीत कुणीतरी दार लावून बसलंय. सगळ्या क्वार्टरांना तोच पिवळा रंग, तेच हिरवं दार. मला आकडे येत नाहीत आणि तुझा चष्मा घरी. जाऊन बसलो ती अकाउंट्समधल्या जोशींच्या पायरीवर. ते रजा घेऊन दाढी करत होते. विचारायचं नाही हा नियम, म्हणून घर बरोबर आहे का तेही आपण विचारलं नाही! साबण लावलेल्या गालांनी त्या माणसाने किलोभर मटार सोलले. तासाभराने रडायलाच लागले. खात्याच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालो, घरी सांगितलेलं नाही, म्हणाले. तेवढ्यात जिच्याकडे जायचं होतं ती बाई आपल्याला शोधत आली. जोशींनी आपल्याला निरोप देताना विचारलं होतं, उद्या येणार का?

असो. मुग्धा म्हणते, आजी, पॉइंटवर ये.

तर मंगळवार. तू गेल्यावर मधूच्या गोळ्यांकडे कोणी पाहिलंच नाही. त्याला सकाळ-संध्याकाळ गोळी तू हातावर द्यायचीस. तुझ्या सुनेला, अनघाला, वाटलं, घेत असतील आपले आपण. तो उशीच्या अभ्र्यात जमवत होता. दहाच्या सुमाराला पिपलानी सुटल्यावर आपण सगळे आलो त्या सोनागिरीच्या गल्लीत हॉर्नचा गोंगाट झाला. बाहेर येऊन बघते तर सत्तरीचा मधू, बागेतली पहार हातात, रस्त्याच्या मधोमध. शाळेची बस अडलेली, मागे दोन ऑटो. जेवण पोचवणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने त्याला मोबाइलवरची ऑर्डर दाखवली. मधूने ती नीट वाचली आणि यावर सही नाही म्हणून परत केली.

तुझा मुलगा इंदूरला गेलेला. अनघा फाटकात उभी, हातात फोन. म्हणाली, "काकू, मी पोलिसांना लावते."

तिला काय बोलणार होते मी? ती माझ्याच जागी उभी होती. तेवढं म्हटलं, आधी त्याच्या डॉक्टरांना लाव, दुसरा फोन मी सांगेपर्यंत थांबव. आणि घरातून प्लास्टिकची खुर्ची आणि मटारची पिशवी आणली.

 आजवर तू पुढे असायचीस, मी तुझ्या मागे पिशवी धरून. आता ती पहार आणि मी, मध्ये कोणी नाही.

खुर्ची त्याच्यासमोर रस्त्यात टाकली. तो म्हणाला, "पास?"

"मला वाचता येत नाही. कुठला आणू? ही शेंगांची पिशवी धर."

"मी ड्यूटीवर आहे."

"मग ड्यूटीवर बसून सोल. तुला कोण उभं राहायला सांगतंय?"

बसचा ड्रायव्हर ओरडला, अम्मा, साइड हो जाओ, बच्चे लेट हो रहे हैं. मी म्हटलं, तुम पास दिखाव और जाव. माझं हिंदी ऐकून की काय, त्याने खरंच लायसन्स काढून दाखवलं. मधूने मान हलवली. बस गेली. मग ऑटो गेले. मग त्याने पहार खाली ठेवली आणि फुटपाथच्या कडेला बसला.

अर्धी पिशवी झाली तरी डॉक्टरांचा पत्ता नाही. अनघा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, तरी पोलिसांना बोलावून ठेवूया का, पुन्हा उठले तर? मधूची डावी बाजू आमच्याकडे होती, म्हणून मला धीर आला. म्हटलं, "मी बोलावले होते एकदा. तो फोन माझा होता. त्याचा तो कान बघ आणि मग ठरव."

अनघाने बघितलं. फोन कमरेला खोचला आणि मांडी घालून खाली बसली.

आणि मधू, मान वर न करता, शेंग सोलता सोलता म्हणाला, "मला माहीत आहे. दुकानदाराने सांगितलं होतं. मी वहिनीला तेव्हाच सांगितलं."

कमल! म्हणजे तुला माहीत होतं! मेथी घेऊन आलीस तेव्हाही माहीत होतं? मग त्या बिचाऱ्या गार्डला का तहानलेलं ठेवलंस? मला घाम फोडायला? इतकी वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलीस, माझी पत्रं लिहिलीस, आणि चेहऱ्यावर एक रेघ नाही. मी तुला साधी समजत होते.

मी मधूला विचारलं, काय म्हणाली रे ती?

"म्हणाली, तिला येत नाही. शिकवते."

मी मग बराच वेळ काही बोलले नाही. मला जमलं बघ ते.

डॉक्टर आले, सुई दिली, मधू झोपला. आता बरा आहे. गोळी रोज अनघा हातावर देते आणि तोंड उघडून दाखवायला लावते. काल तिनेच विचारलं, काकू, कुणाकडे गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं असतं? हातात गवारीची पिशवी होती तिच्या.

तेव्हा तुला शब्द देते. मी आहे तोवर मधूला चौकी दिसणार नाही. आणि मी जाण्याआधी अनघाला सगळं येत असेल. गप्प बसणंसुद्धा, जरी ते मीच शिकवायचं असलं तरी.

तुझी विद्यार्थिनी,
सुशीला