सल्फ्यूरिकचा दुसरा हायड्रोजन

माधव नगर, उज्जैन
१ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. सुलूताईस,

सुधाकरचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त मनातूनच). तुझा गुडघा आणि भावजींची साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो.

बातमी तुझ्या भावजयीची आहे. इथल्या एका मुलींच्या शाळेतले केमिस्ट्रीचे सर ऐन परीक्षेच्या तोंडावर इंदौरच्या कोचिंगमध्ये गेले. मोठ्या बाई टावर चौकात भेटल्या तेव्हा हळहळत होत्या, तर मंगला म्हणाली, मी बी.एस्सी. आहे. (बावीस वर्षांच्या संसारात मी हे साफ विसरलो होतो.) ठरलं, की आधी एक तास घेऊन दाखवायचा.

तिला धीर यावा म्हणून मी मागच्या बाकावर बसलो. ती अडली तर आपण सोपा प्रश्न विचारून वेळ काढायचा, असं माझं मीच ठरवलेलं. ती अडेचना. फळ्यावर तिनं HCl + H₂O → H₃O⁺ + Cl⁻ लिहिलं आणि सांगितलं, की ॲसिडनं सोडलेला हायड्रोजन एकटा राहत नाही, पाणी त्याला पदरात घेतं. मग सिरक्यातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं, ॲसिड. तिथं उलटसुलट दोन बाण. थोडे रेणू फुटतात, तितकेच पुन्हा जुळतात. एका मुलीनं विचारलं, "मैम, ये रुकता कब है?"

"रुकता नहीं. दोनों तरफ़ की चाल बराबर हो जाती है, इसलिए रुका हुआ दिखता है."

ताई, घरातली सिरक्याची बाटली मी वर्षानुवर्षं फडताळात निपचित पाहिलेली, आणि आत हे चाललेलं! 

इथं गप्प बसावं की नाही? पण तयार केलेला प्रश्न वाया कसा घालवू? उठून विचारलं, की सल्फ्यूरिकचे दोन्ही हायड्रोजन एकदमच निघतात ना. बाईसाहेब म्हणाल्या, "आप बोर्ड पर आकर लिखिए." लिहिलं. पाणी विसरलो, धन-ऋण चिन्हं विसरलो. चाळीस मुली खुदखुदल्या. मंगला हसली नाही. तिनं माझ्या हातून खडू घेतला आणि दोन ओळी लिहिल्या. पहिला हायड्रोजन सगळाच्या सगळा जातो, एक बाण. दुसरा कांकू करत, थोडाच, दोन बाण. मी जाग्यावर परतलो तो तिचा विद्यार्थी होऊनच.

तुझा धाकटा,
सुधाकर

ता. क. तिला नेमलं. शाळेला बी.एस्सी.चं मूळ प्रमाणपत्र लागेल. बाबांनी ते तुझ्या ट्रंकेत ठेवायला दिलं होतं. रजिस्टरनं पाठव.

ता. ता. क. बाबांनी नव्हे, मीच दिलं होतं, तिनं नोकरीचा हट्ट धरू नये म्हणून. हे तिला ठाऊक नाही.

वन्सं, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय. ट्रंक उपसू नका. तुमच्या लेकाच्या, चिन्मयच्या, बारशाला आले होते, तेव्हाच प्रमाणपत्र काढून आणलं. शाळेत दाखवूनही झालं.
— मंगला