माझी मुलगी माझ्याच शाळेत

अण्णा, आम्ही बाळकुमला घर घेतलं. कुठली शाळा जवळ आहे, हे तुम्ही पहिल्यांदा विचारलं असतं. विचारायला तुम्ही नाही याचं परवा मला क्षणभर बरं वाटलं आणि मग त्या बरं वाटण्याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं. म्हणून लिहायला बसले आहे. आई आत टीव्ही बघते आहे. तिच्या शेजारी तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंच नाही, पडलेल्या दाताच्या जागी जीभ घालून कार्टून लावायचा हट्ट करते आहे. शाळा उघडली की ती पहिलीत जाईल.

डोंबिवलीचं हे घर आईने तुम्ही गेल्यावर घेतलं. तिला इथे तुमच्या हयातीत यायचं होतं, माझ्या शाळेसाठी. ती आली तेव्हा मी नोकरीलासुद्धा लागले होते. आता मी तेच करते आहे, फक्त वेळेवर. हल्ली ठाण्यात एजंट आधी शाळा सांगतो आणि मग पाणी. कोलशेतला एक जण मला खाडी दाखवून भारावून गेला होता. त्याला म्हटलं, खाडी मी लहानपणी खूप पाहिली, पलीकडून. तुम्ही शाळेच्या बसचं सांगा. शेवटी बाळकुमचं घर ठरलं ते तेवढ्यासाठीच. मोठी इंग्रजी शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे. घराचा हॉल अंधारा आहे, स्वयंपाकघरात दोन माणसं एका वेळी उभी राहू शकत नाहीत, पण शाळा जवळ आहे.

तुम्हीही घर शाळेवरूनच निवडलं होतंत. कळव्याची ती खोली, पालिकेच्या शाळेच्या अगदी समोर. शाळेची घंटा आपल्या स्वयंपाकघरात एवढी स्पष्ट ऐकू यायची की आई कुकर तिच्यावर लावायची. मधल्या सुट्टीत तुम्ही रस्ता ओलांडून चहाला येता, पायात घरच्याच चपला, बोटांना खडू, आणि आई कपबशी पुढे ठेवते ती जरा आपटूनच. डोंबिवलीतल्या एका जागेबद्दल मामाने सांगितलेलं असतं. जवळच नावाजलेली मराठी शाळा, मुलीचं कल्याण होईल, वगैरे. तुम्ही चहा पिऊन संपवता आणि म्हणता, "मी लोकांच्या दारात जातो. लोक विचारतात मला." एवढंच बोलून तुम्ही पुन्हा रस्ता ओलांडता. आई नंतर किती तरी वेळ कणीक तिंबत बसते.

लोक काय विचारतात ते मला चांगलं माहीत होतं, कारण मी तुमच्याबरोबर असायचे. मे महिन्यात सगळी मुलं गावाला जायची आणि आपण पटाच्या फेरीला. पहिलीला मुलं मिळाली नाहीत तर तुकडी बंद, म्हणून तुम्ही छत्री आणि कापडी पिशवी घेऊन खारीगावच्या बाजूला, डोंगराच्या वस्त्यांत, घराघरांतून मुलं मागत हिंडायचात. मला लाल रिबिनी बांधायला लावायचात. कुणीतरी गुळाचा खडा आणि पाणी द्यायचं, आणि मग तो प्रश्न हमखास यायचा. एक आगरी बाई तर दारात मासळी साफ करता करता मानही वर न करता म्हणाली होती, "मास्तर, तुमची पोर कंच्या शालेन हाय?" तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "माझी मुलगी माझ्याच शाळेत." आणि मला म्हणालात, "म्हण एकोणीसचा पाढा." मी म्हटला. त्या बाईने हात धुतले आणि आतून दोन मुलं आणून उभी केली.

घरी परतताना तुम्ही शीळ घालत होतात. मलाही तेव्हा फार अभिमान वाटला होता. हे आधी कधी सांगितलं नाही, कारण पुढे मला ते आठवायलाच नको होतं. अकरावीला ठाण्याच्या कॉलेजात गेले, सायन्सला, आणि पहिल्या महिन्यातच कळलं की समोरचे इंग्रजीत काय बोलतात त्यातलं निम्मंसुद्धा आपल्याला उमगत नाही. मुली बाकावर माझ्यापासून लांब सरकून बसायच्या. मी रोज डोकं दुखतंय म्हणून घरी यायचे. एका संध्याकाळी तुम्ही विचारलंत, अभ्यास कसा चाललाय, आणि माझा तोल गेला. "तुमच्या पटासाठी मला वापरलंत तुम्ही. दुकानात नमुना ठेवतात तसं." आई गॅससमोर पाठमोरी उभी होती, ती वळली नाही. तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "जिथे दुसऱ्यांची मुलं मागायची आणि स्वतःची मुलगी घालायची नाही, अशी शाळा मला चालवता आली नसती गं." मग छत्री घेऊन बाहेर गेलात. पाऊस नव्हता. पुढे मी आर्ट्सला गेले, बँकेत लागले, तुम्ही निवृत्त झालात आणि लगेचच गेलात. त्या वाक्यावर तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. अजूनही मला ते पटलेलं नाही, आणि खोडताही येत नाही.

तुमची शाळा आता दुसऱ्या शाळेत मिसळली. मध्ये कळव्याला गेले होते तेव्हा पाहिलं, वरचा मजला बंद आहे आणि खालच्या वर्गांत मोडके बाक रचून ठेवले आहेत. आपली खोली होती तिथे बिल्डिंग आहे. आईला मी हे सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

परवा लेकीला नवं घर दाखवायला घेऊन गेले. गेटवर एक तरुण बाई उन्हात उभी होती, खांद्याला पिशवी, आणि वॉचमन तिला आत सोडत नव्हता. इथून तुमच्या शाळेत कोण येणार, असं काहीसं तो समजावत होता. अण्णा, मी पिशवीवरूनच ओळखलं. ती पटाच्या फेरीला निघाली होती. मला पाहून ती पुढे आली आणि लेकीकडे बघून हसली. "ताई, पहिलीला आहे का ही?"

हो म्हटलं, पण ॲडमिशन झाली आहे. कुठे ते सांगितलं. ती जरा थांबली, वॉचमनकडे पाठ केली आणि म्हणाली, "माझा मुलगा पण तिथेच आहे. दुसरीत. दारात कोणी विचारलं ना, की मी विषय बदलते." तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, नुसता थकवा होता. तिला मी कोणत्या तोंडाने बोलणार? तरी मला तिचा राग आला, तुमच्या वतीने. तिला काहीतरी ऐकवावं म्हणून मी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, मी पालिकेच्याच शाळेत शिकले, सातवीपर्यंत, कळव्याला; माझे वडील तिथे शिक्षक होते आणि ते मला बरोबर घेऊन फिरायचे.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या पर्सकडे, गॉगलकडे, लेकीच्या बुटांकडे. तिला माझं कौतुकच करायचं होतं. "अय्या, खरंच? अजिबात वाटत नाही हो तुमच्याकडे बघून."

लेकीने माझं बोट ओढलं, तिला लिफ्टची घाई झाली होती. घर बघून खाली आलो तेव्हा ती बाई गेलेली होती. हे पत्र कुठे पाठवायचं असतं तर मी इथेच थांबले असते आणि तिला काय सुनावलं ते रंगवून लिहिलं असतं. पण पाठवायचं नाहीच आहे, तेव्हा लिहून टाकते. मी तिला काहीही सुनावलं नाही, अण्णा. तुमचं नावही पुन्हा काढलं नाही. मी हसले आणि तिला थँक यू म्हटलं.