पुसलेलं गालबोट

१८ डिसेंबर

पोचले एकदाची! परभणीहून गंगाखेडपर्यंत एसटीत खिडकीची जागा मिळाली. रस्ताभर उसाच्या डबल ट्रॉल्या, आणि उतरले तर सगळ्या गावाला गुळमट, आंबूस वास. पुण्याची मैत्रीण म्हणाली होती, परग्रह दाखवायला परभणी जिल्ह्यात कशाला जायचं? आता तिला कळवते, परग्रहाला काळी माती लागते, आणि इतकी काळी माती तुझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांत मिळत नाही.

आमची मालिका ‘तारापार’. माणसं दूरच्या ग्रहावर वस्ती करतात आणि शेवटच्या भागात ती वस्ती कोसळते. दिग्दर्शक हरिओम मूळचा इकडचाच. त्याने गावाबाहेरचं बंद पडलेलं जिनिंग भाड्याने घेतलंय. जिथे कापसाचे ढीग पडायचे तिथे आता काळ्या पडद्यांआड ग्रह वसणार. मनोरे, घुमट, पूल, सगळ्याच्या छोट्या प्रतिकृती मी करायच्या. नामावलीत ‘विशेष दृश्ये’ या पाटीखाली एकच नाव येणार, असं तो फोनवर म्हणाला होता. अर्पिता! आईला मी आधीच सांगून टाकलंय, आणि तिने आळीभर.

खोली हवेशीर आहे. फक्त वाळत टाकलेल्या ओढणीवर काळे कण पडले. घरमालकीण म्हणाली, साखर कारखान्याची काजळी आहे, हंगाम संपेस्तोवर पडतच राहणार.

२१ डिसेंबर

दोन दिवस माती चाळण्यात गेले. आमच्या कामात सगळी लबाडी मापाची. साधा खडा ठेवला तर तो खडाच दिसतो. पिठाच्या चाळणीने चाळलेली माती पसरली की ती ग्रहाची जमीन होते. पुढे मोठे मनोरे, मागे त्यांचेच बुटके भाऊ, मध्ये धुराचा पातळ थर, की जिनिंगची शेड पडद्यावर कोसभर लांब होते. कोसळायचं दृश्य असेल तर कॅमेरा पाचपट वेगाने चालवायचा. मग दाखवताना धूळ सावकाश खाली येते आणि वीतभर भिंत डोंगराएवढी जड वाटते. आकाशबिकाश मुंबईतली पोरं संगणकावर जोडतात.

हे सगळं मी नव्या मुलीला समजावून सांगत होते, तर तिला ते माझ्याइतकंच ठाऊक. राजनंदिनी. पाथरीची, हैदराबादला शिकलेली, खळखळून हसणारी. हरिओमने तिलाही बोलावलंय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, दोघी आपापली वस्ती उभी करा, जिची शेवटच्या भागात जाईल तिचं नाव पाटीवर. मी हसून बरं म्हटलं. हसताना गाल दुखतात हे आज कळलं.

२९ डिसेंबर

मी पुण्याहून महागडा फोम आणला, त्याचे मनोरे केले. पडद्यावर ते वाढदिवसाचे केक दिसले.

तिने काय केलं? ज्वारीच्या धाटातला पांढरा भेंड, ज्याच्या इकडची मुलं बैलगाड्या करतात, तो सोलून घुमट केले. भिंतींवर उसाच्या चिपाडाचा भुगा. खिडकीखिडकीत मोहरीएवढे दिवे. कॅमेऱ्यातून पाहिलं आणि डोळा काढवेना. त्या खिडक्यांमागे कोणी तरी स्वयंपाक करत असेल असं वाटत होतं. हरिओम टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या. जळले, खरंच सांगते, रोजनिशीत कशाला खोटं लिहू. अंगाची लाही लाही झाली.

एक गंमत मात्र आहे. प्रतिकृती पुरी झाली की राजनंदिनी खिडकीच्या कठड्यावर साठलेली कारखान्याची काजळी तेलात कालवते आणि प्रत्येक मनोऱ्याच्या पायाला एक ठिपका लावते. गालबोट! म्हणाली, ‘आमी तर लावतोच बघा अर्पिताताई. चांगल्या वस्तूला नजर लागती.’ मी म्हटलं, तुमच्या त्या ग्रहावर दृष्टसुद्धा नेली का अंतराळयानातून? ती हसली. तिला राग येत नाही, हा तिचा सगळ्यात वाईट गुण.

६ जानेवारी

आज तिच्या मोठ्या मनोऱ्याचं जवळून दृश्य घ्यायचं होतं. ठिपका कॅमेऱ्यात दिसत होता. हरिओम म्हणाला, राहू दे, संगणकावर काढू. सगळे जेवायला गेल्यावर मी ओल्या कापसाने तो पुसला. मुंबईच्या पोरांचं काम वाचवलं, एवढंच. मग इतर मनोऱ्यांचेही पुसले. त्यांची काही गरज नव्हती, हे मलाही कळत होतं.

चहा आणि जेवण बघणाऱ्या धुरपताबाई पातेलं घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या. ‘पुसू नका बाई, तीट हाय ते.’ मी म्हटलं, मळ होता.

७ जानेवारी

सकाळी शेडमध्ये मी एकटीच होते. मनोऱ्यासमोर उभी राहून बघत राहिले. काय वळण दिलंय घुमटाला, आपल्याला जन्मात जमणार नाही, असं मनात आलं, आणि डोळे चुरचुरले. त्याच क्षणी घुमटावर केसासारखी भेग उमटली. माझी नजर जिथून खाली गेली तिथून भेग खाली गेली. मग अख्खा मनोरा स्वतःतच बसला. सावकाश. धूळसुद्धा सावकाश खाली आली, कॅमेरा पाचपट वेगाने न चालवता.

राजनंदिनी आली, बघून खाली बसली. म्हणाली, भेंड वाळला असेल. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आतून मला किती बरं वाटत होतं!

१४ जानेवारी

संक्रांत. धुरपताबाईंनी तिळगूळ दिला, सगळ्यांनी गोड बोलायची शपथ घेतली. दुपारी हरिओमने मी नव्याने केलेला पूल पाडायचं दृश्य ठेवलं. सुरुंग लावला, दोऱ्या ओढल्या, पूल एखाद्या खोक्यासारखा पडला. कोणालाच पसंत नव्हतं.

मग मला त्या सकाळची भेग आठवली. मी म्हटलं, राजनंदिनीच्या छोट्या घुमटांवर कॅमेरा लावा, मी पाडून दाखवते. दोऱ्या नाहीत, दारू नाही. घुमटांकडे बघितलं. तिने कालच केलेले, तीट अजून लावायचं होतं, एकाहून एक देखणे. मी त्यांचा हेवा केला, मनापासून, पोटाच्या तळापासून. एकेक घुमट वितळत गेल्यासारखा कोसळला. हरिओमने मला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. विचारत होता, ही कोणती पद्धत? मी म्हटलं, सांगणार नाही.

पहिल्यांदा राजनंदिनीकडे कोणी बघत नव्हतं.

१९ जानेवारी

आता असं झालंय की ती उभारते, ठिपका लावते; मी तो पुसते आणि पाडते. माझ्या स्वतःच्या प्रतिकृतींवर हे चालत नाही, करून पाहिलं. स्वतःच्या केकांचा कोण हेवा करणार? तिने अधिकाधिक सुंदर करावं म्हणून मी तिला शाबासकी देते, धाटं सोलून देते. ती बिचारी खूश होते.

धुरपताबाई आज भांडी घासता घासता कोणाकडेही न बघता म्हणाल्या, ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.’ मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

२७ जानेवारी

राजनंदिनी खिडकीत दिवा बसवत होती. चिमटा नाही, काही नाही, नुसती बोटं. बोटं अशी चालत होती की मी काम सोडून बघत राहिले. असे हात मला का नाहीत, एवढंच मनात आलं. तिला काही व्हावं असं मनात नव्हतं, मी शपथेवर सांगते.

तिने हात झटकला. करंगळीपासून मनगटापर्यंत भेग. रक्त आलं नाही. भेगेतून चाळलेल्या मातीसारखं काहीतरी काळं, बारीक, टेबलावर पडलं.

हरिओम म्हणाला थंडीने हात फुटलेत, कोकमतेल लाव. मी फुंकर मारून ती माती टेबलावरून उडवली.

८ फेब्रुवारी

तिचे दोन्ही हात गेले. म्हणजे आहेत, पण पट्ट्यांत. डॉक्टरला कळेना. भाऊ बन्सीधर तिला पाथरीला घेऊन गेला. जाताना मी जीपपर्यंत गेले, पण सगळा वेळ जमिनीकडे बघत. ती म्हणाली, ‘माजी वस्ती अर्धी राहिली ताई, तुमी पुरी करा.’

जाण्याआधी धुरपताबाईंनी तिची दृष्ट काढली होती. मीठ-मिरच्या विस्तवावर टाकल्या. मूठभर लाल मिरच्या, आणि ठसका नाही. कोणालाच नाही. धुरपताबाई निखाऱ्यांकडे बघत म्हणाल्या, ‘नजर लय भारी हाय. आन् भाईरची न्हाई.’

आजपासून माझा चहा त्या दाराशी ठेवतात आणि तोंड फिरवून जातात.

२० फेब्रुवारी

झालं! तिची अर्धी वस्ती मी पुरी केली नाही, नुसती बघितली. घुमट, पूल, दिवे, सगळं एका दमात गेलं. दिवे शेवटपर्यंत जळत होते. खिडक्यांमागचा स्वयंपाक करणारा कोणीतरी शेवटपर्यंत करत राहिला असेल, असं मला वाटून गेलं. युनिटमधली माणसं रडली.

पाटीवर माझं नाव. एकटीचं. आईला फोन केला. ती पण रडली.

राजनंदिनीने, तिला भेटून आलेल्या धुरपताबाईंच्या हाती काजळाची डबी पाठवलीय. निरोप असा: तुमचं नाव येणार, लय चांगलं झालं, आता तेवढं तीट लावत जावा. तिच्या आवाजात कसं ऐकू येईल ते मला कळलं. खरोखरच आनंद झालाय तिला. मला राग आला. डबी मी ट्रंकेच्या तळाशी टाकून दिली.

३ मार्च

शेवटचा भाग दाखवला. फोन थांबत नाहीत. हरिओम पुढच्या मालिकेच्या गोष्टी करतोय. मी अजून इथेच, सामान बांधायचंय.

काहीतरी चुकतंय. आनंद व्हायला हवा तेवढा होत नाहीये. हेवा करायला कोणी उरलं नाही, त्याची सवय नसेल.

कारखान्याचा हंगाम संपला. आकाश स्वच्छ. ओढणी पांढरीशुभ्र वाळते, आता अंगावर एकही काळा कण पडत नाही. सगळा हिवाळा त्या काजळीला शिव्या दिल्या, केसांतून, गालांवरून पुसून काढली रोज.

९ मार्च

घरमालकिणीने हाक मारली, टीव्हीवर तुम्ही आहात. ‘पडद्यामागे’ नावाचा कार्यक्रम. मी मनोऱ्यांमध्ये उभी, धाटं सोलतेय, हसतेय. कधी चित्रित केलं कोणास ठाऊक. ती बाई किती सुखी दिसत होती! तिला सगळं मिळालंय, आणि तिला ते माहीत आहे. मी अशी कधी हसले? मला तर तसं कधी वाटलंच नाही. तिला का वाटावं?

तोच हेवा. तसाच. डोळे चुरचुरले.

मी पटकन मान फिरवली. म्हणजे, फिरवली असावी.

१० मार्च

करंगळी. थंडी नाही आता. मार्चचं ऊन आहे.

आरशावर टॉवेल टाकला. फोनमधले फोटो सगळे पुसले. पण लोक पाठवतात— माझाच फोटो, माझंच हसू, अभिनंदन अभिनंदन— न बघता कसं पुसणार—

धुरपताबाईंकडे गेले. दार उघडेना. आतून म्हणाल्या, तीट तुमच्या हातानंच लावा, माज्याकडं बघू नका. त्या रडत होत्या.

११ मार्च, दुपार

मनगटापर्यंत आली. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं.

डबी सापडली. न बघता लावायचं ठरवलं. पण बोटांना काही लागतच नाही— काजळ आहे की नाही— गाल कुठे, भेग कुठे—

बघावं लागेल. एकदाच. टॉवेल काढते, ठिपका लावते, डोळे मिटते.

काढला.

ती— किती सुंदर दिसते. नाव झालेली बाई अशी दिसते तर. मला कधी—

नको— मिटत नाहीत डोळे—

वहीवर काळी माती पडतेय. गालावरून. ठिपका लावायचा होता त्याच जागेवरून. चाळल्यासारखी बारीक. आणि किती सावकाश खाली येतेय, जणू कोणीतरी कॅमेरा पाचपट—