आत्यानं तपासलेला बायोडेटा

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा, खोलीत एकटाच आहे, लाज कसली?) तब्येत कशी आहे? शाळेतून निवृत्त झालीस तरी सोसायटीच्या नोटिशी दुरुस्त करून परत पाठवतेस असं बाबा म्हणाले, म्हणजे ठणठणीत असणार.

तर आत्या, मला नोकरी लागली! बाबांनी कळवलं असेलच, पण कशी लागली ते त्यांना ठाऊक नाही, आणि तूही सांगू नकोस. माझा बायोडेटा तू पाहिलासच. बी.कॉम., त्यावर व्यवस्थापनाची पदविका, त्यावर व्यक्तिमत्त्व विकासाचं प्रमाणपत्र (ते घ्यायला गेलो तेव्हा शिपायाशी बोलतानाही त त प प झालं होतं). नेतृत्वगुण, दूरदृष्टी, काही म्हणून सोडलं नव्हतं. वर्षभर तो मी दुकानाची जाहिरात वाटावी तसा वाटत हिंडलो. कुठून साधा नकारही येईना. आई पुढेपुढे काही विचारायचीच नाही, ते फार लागायचं. म्हणून शेवटी तुझ्याकडे तपासायला पाठवला.

तू तो शाळेतल्या निबंधासारखाच तपासलास. 'नेतृत्वगुण'पुढे लाल शाईत 'अद्याप आढळले नाहीत'. 'कष्टाळू'पुढे 'भूक लागेपर्यंत'. पदवीखाली 'दुसऱ्या खेपेस'. आणि तळाशी शेरा: 'मुलगा वाईट नाही. कितीही बोललं तरी उलट बोलत नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतो.' वाचून मी असा हिरमुसलो की कागद तसाच कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्यापुढे टाकला आणि म्हणालो, लाल शाईतल्या दुरुस्त्या घालून घ्या. त्या भल्या माणसानं तुझा शब्द न् शब्द जागच्या जागी घातला. मीही न वाचताच पाठवून दिला.

लोखंडी कपाटांच्या कंपनीतून बोलावणं आलं. मॅनेजरबाईंनी बायोडेटा मोठ्यानं वाचायला घेतला तेव्हा कुठे मला कळलं. 'भूक लागेपर्यंत'ला शेजारच्या अकाउंटंटना जोराचा खोकला आला. माझे कान तापले. (लपायला कपाटं भरपूर होती, पण सगळ्यांना कुलपं.) शेऱ्यापाशी बाई थांबल्या. सकाळपासून आलेले सगळे नेतृत्व करायलाच आलेत, त्या म्हणाल्या. दार लागत नाही म्हणून ओरडत येणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकून घेणारा एकही नाही. आणि मला तक्रार विभागात बसवलं.

आत्या, मी खरंच सुखात आहे. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ माझ्यावर मनसोक्त ओरडले, थेट तुझ्या पट्टीत. मला अगदी घरच्यासारखं वाटलं. शेवटी दमून त्यांनीच पाणी मागितलं आणि जाताना पाठ थोपटून गेले. आई शेजारीपाजारी सांगते, मुलगा ऑफिसर झाला. मी खोडून काढत नाही.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क.: कायम करण्याआधी बाईंना तुझं शिफारसपत्र हवंय. खरं लिहावं ही त्यांची अट. जरा आटोपतं खरं लिहावं ही माझी विनंती.

आणखी एक ता. क.: बाईंनी तुझा फोन नंबरही घेतलाय. माणसाची इतकी पारख असलेली व्यक्ती आमच्या विभागाची प्रमुख म्हणून हवी, असं त्यांच्या डोक्यात आहे. आत्याला आता काही झेपत नाही, असं मी सांगून ठेवलंय. फोन आलाच तर, तुझ्या पाया पडतो, थोडं कण्हत बोल.